डीबीए : आधी वर्ग, मग प्रबंध

डीबीए म्हणजे बहुधा नोकरी सांभाळून केली जाणारी व्यवस्थापनातली डॉक्टरेट. सुरुवातीला संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, पूर्वसंशोधनाचा आढावा शिकवतात. अनुभवी व्यवस्थापकाचा खरा कस इथेच लागतो. ‘माणसं नोकरी का सोडतात?’ याचं उत्तर त्याला ठाऊक असतं: पगार. मग पगार सारखाच असताना एका शाखेतली माणसं टिकतात, दुसरीतली का नाहीत? आणि संशोधनासाठी साहेबच मुलाखत घेत असतील, तर कर्मचारी खरं बोलतील का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क लागतं. डीबीए ही मात्र पीएच.डी.हून वेगळी पदवी आहे. म्हणून प्राध्यापक व्हायचं असेल, तर प्रवेशाआधीच तिच्या मान्यतेची लेखी खात्री करून घ्या.