तीच तोफ, वेगळं पाणी

मार्च १५०८. चौलच्या खाडीतून बाहेर पडू पाहणारं एक पोर्तुगीज जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. त्याआधीच गोळा लागून तळात पाणी भरायला लागलं होतं. ओढून काढायचा प्रयत्न फसला आणि कप्तान लॉरेन्सो द आल्मेदा तिथेच मारला गेला. तो व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा. सूडाने पेटलेल्या बापाने वाटेत दाभोळ बेचिराख केलं आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवला, चौलला हल्ला करणाऱ्या इजिप्तच्या मामलूक आरमाराचा फडशा पाडला.

पोर्तुगीजांकडे तोफा होत्या म्हणून ते जिंकले, हे उत्तर पुरत नाही. तोफा तर चौललाही होत्या. मामलूक सरदार अमीर हुसेनकडेही होत्या.

प्रश्न तोफ कशावर चढवली, हा आहे. समजा, एक टनाच्या तोफेतून पाच किलोचा गोळा सेकंदाला ३०० मीटर वेगाने सुटला, तर तोफ सेकंदाला दीड मीटर वेगाने मागे उसळते. हा हिसका शेवटी जहाजाच्या सांगाड्याला सोसावा लागतो. अरबी समुद्रातल्या अनेक गलबतांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. वाळूवर आपटलं तरी असं गलबत लवतं, फुटत नाही, व्यापाराला झकास. जड तोफांना मात्र खिळ्यांनी ठोकलेला भक्कम सांगाडा लागतो. शिवाय तोफा उंचावर ठेवल्या, तर गुरुत्वमध्य वर जाऊन जहाज कलंडायची भीती.

हुसेनला हे कळत नव्हतं असं नाही. त्याची जहाजं सुएझला भूमध्य समुद्री धाटणीने बांधलेली होती. पण त्यातल्या गॅलींच्या दोन्ही बाजूंना वल्ही, म्हणून मोठ्या तोफा नाळेवरच. त्यांचं खरं बळ चपळाईत, आणि हुसेनने किल्ल्याच्या तोफांच्या भरवशावर किनाऱ्यालगत नांगर टाकला! निम्मी लढाई तो तिथेच हरला, असं मला वाटतं. आल्मेदाची सुमारे १८ जहाजं सोयीचा वारा धरून आत शिरली. ‘फ्लोर दो मार’ने तोफांच्या माऱ्याने हलक्या होड्या रोखल्या. शेवटचा निकाल मात्र शत्रूच्या जहाजांवर उड्या टाकणाऱ्या चिलखती शिपायांनी लावला.

दीवचा सुभेदार मलिक अयाझ धोरणी. त्याने चौलला पकडलेले पोर्तुगीज कैदी परत करून तह केला. किल्ला राखायला माणसं अडकतील म्हणून आल्मेदाने दीव घेतलंच नाही. तिथे किल्ला बांधायची परवानगी पोर्तुगीजांना १५३५ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली, आणि डिसेंबर १९६१ पर्यंत ते तिथून हलले नाहीत.