आगरतळ्याचा वळसा

कोलकात्याहून आगरतळ्यास निघालेले विमान उंचीवर स्थिरावते न स्थिरावते तोच उतरणीला लागते. दोन शहरांतील सरळ अंतर सुमारे ३३० किलोमीटर. तोच प्रवास भारताच्या हद्दीत राहून भूमीवरून करावयाचा, तर उत्तरेस सिलिगुडी, पूर्वेस गुवाहाटी आणि मग आसामच्या डोंगरांतून पुन्हा दक्षिणेस, असा दीड हजार किलोमीटरांहून लांबचा वळसा घ्यावा लागतो. मुंबईहून दिल्ली याहून जवळ! मध्ये ना सागर आहे, ना दुर्लंघ्य पर्वत. मध्ये बांगलादेश आहे. विमान त्याच्यावरून निःशंक उडून जाते. मालमोटारीला मात्र ती मुभा नाही.

फाळणीपूर्वी हा प्रश्नच नव्हता. सियालदहहून गाडीने गोआलंदो, तेथून आगबोटीने चांदपूर आणि पुढे आसाम-बंगाल रेल्वेने आखाउडा, की आगरतळा अवघ्या काही मैलांवर. १९४७च्या रेषेने स्थानक एका राष्ट्रात आणि शहर दुसऱ्या राष्ट्राच्या वाट्याला टाकले. (शहर तेव्हा संस्थानी होते, त्रिपुराचे विलीनीकरण १९४९चे.) आगरतळ्यात रेल्वे पोहोचण्यास त्यानंतर २००८ साल उजाडावे लागले, आणि ब्रॉडगेज गाडी येण्यास २०१६.

या वळशाची किंमत विमानाचे तिकीट परवडणारा प्रवासी देत नाही. ती देतो आगरतळ्याच्या बाजारात सिमेंटचे पोते वा डाळ विकत घेणारा सामान्य माणूस. शिवाय वाट एकच, आणि तीही दरडींच्या छायेतली. मे २०२२मध्ये आसामच्या दिमा हासाओ जिल्ह्यात लोहमार्ग वाहून गेला. तो पूर्ववत होण्यास जुलै उजाडला. तोवर आगरतळ्यातील कारकुनाने किंवा विद्यार्थ्याने कोणत्या नकाशावर विश्वास ठेवावयाचा?

शेजारी राष्ट्राने वाट दिली, की काय होते याचा दाखला पालाटाणा येथील वीजप्रकल्पाचा. त्याची अवजड यंत्रसामग्री २०११-१२मध्ये नदीमार्गे आशुगंज आणि तेथून रस्त्याने त्रिपुरात आली. आसामच्या घाटरस्त्यांवरून ती नेणे दुष्करच होते. परंतु त्यासाठी तितास नदीत भराव टाकले गेले, आणि त्याबद्दल बांगलादेशात रोष उमटला. तो अकारण होता असे म्हणवत नाही. वाटेचा लाभ आगरतळ्याला आणि नदीची अडवणूक तितासकाठच्या शेतकऱ्याला, हा व्यवहार फार काळ टिकणारा नव्हे. वाट हवी असेल, तर तिच्या मोबदल्याचा वाटा ज्यांच्या दारातून ती जाते त्यांच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. ढाक्याच्या कोषागारात तो थांबून चालणार नाही.

आगरतळा-आखाउडा हा सुमारे १२ किलोमीटरांचा लोहमार्ग भारताच्या पैशाने बांधून झाला आणि १ नोव्हेंबर २०२३ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. नियमित प्रवासी गाडी सुरू होण्यापूर्वीच, ऑगस्ट २०२४मध्ये, ढाक्यात सत्तांतर झाले.