एकाच नांवाच्या सहा हजार नौका
(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या घरांत जुनें शिवणयंत्र असेल तर त्याच्या अंगावर उठविलेला एक क्रमांक आपण पाहिला असेल. शेजारच्या घरांतील यंत्राचें नांव तेंच, रूपहि जवळजवळ तेंच. परंतु एखादा सुटा भाग मागवावयाची वेळ आली म्हणजे जाणता दुकानदार नांवावर थांबत नाहीं. तो क्रमांक विचारतो. एका नांवाखालीं कारखाना वर्षानुवर्षें माल काढूं लागला कीं तें नांव कुळाचें होऊन बसतें, आणि व्यक्ति ओळखण्यास निराळीं चिन्हें शोधावीं लागतात. आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें तिची ओळख चुकली तर पैसा तर जातोच, पण प्रसंगीं जिवावरहि बेततें.

ही वस्तु म्हणजे अमेरिकेंतील एक शिडाची नौका. फ्रँक बटलर या गृहस्थांनीं १९६९ मध्यें कॅलिफोर्नियांत ‘कॅटलिना यॉट्स’ हा कारखाना काढला, आणि १९७४ च्या सुमारास त्यांतून ‘कॅटलिना थर्टी’ ही नौका बाहेर पडूं लागली. तिची लांबी २९ फूट ११ इंच, रुंदी १० फूट १० इंच. आंत निजावयास जागा, चूल, पाण्याची टांकी. एखाद्या कुटुंबानें सुटीचे दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानें हिंडून काढावे, अशी तिची योजना. लांकडी गलबत सुतार फळीला फळी जोडून घडवितो, म्हणून दोन गलबतें अगदीं सारखीं क्वचितच होतात. ही नौका फायबरग्लासची, म्हणजे कांचेचे तंतु राळेंत भिजवून सांच्यांत थरावर थर देऊन घडविलेली. सांचा एकदां सिद्ध झाला कीं त्यांतून एकामागून एक नौका निघत राहतात. अशा सहा हजारांहून अधिक नौका निघाल्या. नौकेच्या पोटाचा आकार प्रायः तोच राहिला. दिसण्याजोगे बदल झाले ते वरच्या भागांत.

जाणकार या नौकांच्या तीन पिढ्या मानतात. पहिल्या पिढीला आरंभीं कोणी ‘पहिली’ म्हणत नव्हतें. १९१४ च्या महायुद्धाला दुसरें युद्ध होईपर्यंत लोक बहुधा ‘पहिलें’ म्हणत नसत, तसाच हा प्रकार. या पिढींत सुकाणूपाशींची उघडी बैठक साधी लांबट चौकोनी असते. १९८६ च्या सुमारास दुसरी पिढी, म्हणजे ‘मार्क टू’, सुरू झाली. तिच्यांत बैठक मागच्या बाजूस रुंद केली, त्यामुळें वरून पाहिल्यास इंग्रजी ‘टी’ अक्षराचा आकार दिसतो आणि सुकाणूच्या चाकाला वळसा घालून जातां येतें. १९९३-९४ च्या सुमारास तिसरी पिढी आली. तिच्या पिछाडीची भिंत मधोमध उघडी असून तेथून थेट पाण्यापर्यंत उतरतां येतें.

येथवर काम सोपें वाटेल. परंतु एकाच पिढींतल्या दोन नौकाहि सारख्या नसतात. तळाशीं शिशाचा जो जड कणा असतो, त्याचे प्रकार आहेत. नेहमींच्या खोल कण्याची नौका पाण्यांत सव्वापांच फूट बुडते. १९८३ मध्यें ‘ऑस्ट्रेलिया-दोन’ या नौकेनें पंखधारी कण्याच्या बळावर अमेरिका चषक जिंकला. त्यानंतर तशा कण्याची चाल पडली, आणि या नौकेलाहि तो मिळूं लागला. तो घेतलेली नौका चार फुटांहून कमी बुडते. डोलकाठीहि दोन उंचींची: एक साधी, दुसरी अधिक उंच. इंजिनाचेंहि तसेंच. आरंभींच्या कित्येक नौकांत ‘अटॉमिक फोर’ हें पेट्रोलचें इंजिन होतें. पुढें डिझेलचें आलें.

आतां समजा, एका कुटुंबानें साठविलेल्या पैशांतून अशी जुनी नौका घेण्याचें ठरविलें. विकणारा सांगतो, “१९८७ ची, मार्क टू.” तो खोटें बोलत नाहीं, पण एवढ्यानें काय कळलें? नौका ठेवावयाच्या खाडींत ओहोटीच्या वेळीं साडेचार फूट पाणी उरत असेल, तर पंखधारी कण्याची नौका तरंगेल आणि खोल कण्याची चिखलांत रुतेल. डोलकाठी न मोजतां शीड शिवून घेतलें तर तें आंखूड तरी पडेल, नाहीं तर लांब; आणि पुलाखालून जातांना हीच चूक शिडापुरती राहणार नाहीं. इंजिन पेट्रोलचें असेल तर गळलेली वाफ हवेहून जड असल्यामुळें तळाशीं सांचते, आणि एका ठिणगीनें स्फोट होतो.

म्हणून सालाची खात्री प्रथम करावी. अमेरिकेंत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या नौकेवर बारा अक्षरांची खूण घालण्याचा नियम आहे. ती पिछाडीवर उजव्या हातास, वरच्या कडेजवळ असते. पहिलीं तीन अक्षरें कारखान्याचीं, या नौकांत ‘सीटीवाय’. पुढचीं पांच अनुक्रमाचीं. शेवटचीं चार काळाचीं. मौज अशी कीं या चारांचा अर्थ एकच राहिला नाहीं. जुन्या एका पद्धतींत ‘एम’ नंतर नमुन्याचें साल आणि मग महिन्याचें अक्षर असे, व ‘ए’ म्हणजे ऑगस्ट. ‘एम७९ए’ याचा अर्थ ऑगस्ट १९७८. ऑगस्ट १९८४ पासूनच्या नव्या पद्धतींत मात्र ‘ए’ म्हणजे जानेवारी: ‘के६८७’ असें असेल तर नौका नोव्हेंबर १९८६ मध्यें बांधली, पण नमुना १९८७ चा. दोन सालांचा घोळ होतो तो येथें.

खूण वाचली तरी तिनें जन्मकाळ कळतो; पुढें नौकेवर काय काय गुदरलें तें कळत नाहीं. त्यासाठीं एकच कसोटी लावावी: जें मालकाला सहज बदलतां येतें त्यावर विश्वास ठेवूं नये. नांवाची पाटी, रंग, गाद्या, शिडें या गोष्टी एका दिवसांत बदलतात. इंजिनहि बदलतें, पेट्रोलचें काढून डिझेलचें बसविलेल्या पहिल्या पिढीच्या नौका पुष्कळ आहेत. पिछाडीची भिंत हौशी माणूस आरीनें कापूं शकतो. पण बैठकीचा आकार वरच्या सबंध सांच्याचा भाग असतो; तो बदलणें म्हणजे जवळजवळ नवी नौका करणें. आणि कणा, डोलकाठी हीं कोणाच्या शब्दावर न सोडतां नौका गोदींत कोरडी उभी असतांना टेपानें मोजावीं.

पिढी ओळखण्याचा आणखी एक लाभ आहे. आरंभींच्या नौकांत कणा जोडावयाच्या जागीं फायबरग्लासच्या थरांमध्यें प्लायवुड घालीत असत. तें पाण्यानें कुजलें कीं जोड सैल पडतो, आणि कण्याच्या पुढच्या टोंकाशीं हंसऱ्या ओठांसारखी चीर दिसूं लागते. खलाशांनीं थट्टेनें तिला ‘कॅटलिनाचें स्मित’ असें नांव दिलें आहे. जुन्या नौकेच्या खाली वाकून तें स्मित शोधावें. तें दिसलें तर जाणत्या कारागिराला दाखविल्यावांचून पैसे मोजूं नयेत. शेवटीं त्या शिशावरच, म्हणजे सुमारें ४,२०० पौंड वजनाच्या कण्यावर, वाऱ्यांत नौका उभी राहते, आणि तिच्यांत बसलेलीं माणसेंहि त्याच्याच भरंवशावर असतात.