गाडी सगळ्यांची, हिशेब कोणाचा? : जुन्या गाडीचा खरा खर्च आणि घसारा

२०२४ च्या फेब्रुवारीत डोळखांब भागातल्या एका बाईंना रात्री शहापूरला दवाखान्यात सोडून परत येताना आमच्या गाडीचा क्लच गेला. गाडी टोचन करून गॅरेजला नेली. बिल झाले ७,५०० रुपये. दुसऱ्या दिवशी बैठकीत मी विषय काढला, तेव्हा एक कार्यकर्ता अगदी सहज म्हणाला, "ताई, पेट्रोलचे पैसे तर आपण दिले होते ना?"

तो खोटे बोलत नव्हता. पेट्रोलचे ५०० रुपये दिले होते. त्याच्या मनात कसलीही लबाडी नव्हती. गाडी चालते म्हणजे पेट्रोल जळते, एवढाच हिशेब आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात असतो. माझ्याही डोक्यात तोपर्यंत तेवढाच होता. वाद घालायचा तर हातात आकडे हवेत, म्हणून १ एप्रिल २०२४ पासून गाडीत एक वही ठेवली आणि वर्षभर प्रत्येक किलोमीटर लिहिला. त्या वहीतून जे कळले ते इथे मांडते. शहापूर-मुरबाडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक गटात अशी एखादी जुनी गाडी असते आणि ती कोणा एकाच्या घरातली असते.

आपल्याकडे गाडी का लागते?

शहापूर तालुक्यात वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशने आहेत. पण स्टेशनवरून आतल्या पाड्यावर जायला लोकल नाही. मुरबाडला तर रेल्वेच नाही. एसटी आहे, पण संध्याकाळची शेवटची गाडी गेली की किन्हवली, सरळगाव, धसई, टोकावडे इथला माणूस अडकतो. दाखल्यासाठी तहसील, तक्रारीसाठी पोलीस ठाणे, रात्रीचा पेशंट, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, वर्षावासातली प्रवचने, या सगळ्यासाठी कोणाची तरी गाडी निघते. मालक "चला" म्हणतो आणि आतल्या आत झिजत जातो. गाडीही झिजते.

वहीतले आकडे

आमची गाडी छोटी, पेट्रोलवरची, १००० सीसीच्या आतली. नोंदणी जून २०१२ ची. २०२१ मध्ये आम्ही ती दुसऱ्या हाताने २,१०,००० रुपयांना घेतली. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात ती १४,४०० किलोमीटर चालली.

पेट्रोल : लिटरला १६ किलोमीटर, सरासरी १०४ रुपये दर. ९०० लिटरचे ९३,६०० रुपये.
विमा आणि पीयूसी : ५,४०० रुपये.
दोन सर्व्हिसिंग (ऑइल, फिल्टर, मजुरी) : ७,००० रुपये.
टायर : चार टायरचे १४,८०० रुपये. ते ४०,००० किलोमीटर चालतात असे धरले तर किलोमीटरला ३७ पैसे, वर्षाचे ५,३२८ रुपये.
बॅटरी : ४,५०० रुपयांची, तीन वर्षे टिकते. वर्षाचे १,५०० रुपये.
दुरुस्ती : सस्पेन्शन ६,३००, ब्रेक आणि सायलेन्सर ५,५००, वायरिंग, पंक्चर व किरकोळ ३,२००, रेडिएटर २,०००. एकूण १७,००० रुपये. (क्लच आदल्या वर्षातला, म्हणून यात नाही.)
टोल आणि पार्किंग : ३,६०० रुपये.
घसारा : २०,००० रुपये.

एकूण १,५३,४२८ रुपये. भागिले १४,४०० म्हणजे किलोमीटरला साधारण १० रुपये ६५ पैसे. यातले पेट्रोल फक्त साडेसहा रुपये. उरलेले ४ रुपये १५ पैसे कोणालाच दिसत नाहीत, कारण ते पंपावर द्यावे लागत नाहीत.

टायर आणि बॅटरी मी वर्षांवर का वाटली, असे एकाने विचारले. ज्या महिन्यात टायर घेतले त्या महिन्यात तो खर्च डोंगराएवढा दिसतो आणि पुढची अडीच-तीन वर्षे शून्य दिसतो. प्रत्यक्षात टायर रोज झिजतो. म्हणून खर्चही रोजचा धरायचा.

घसारा म्हणजे काय?

घसारा हा शब्द कॉमर्सच्या मुलांना पुस्तकातला वाटतो, पण तो घासण्यातूनच आला आहे. वापराने आणि वयाने वस्तूची किंमत जेवढी उतरते तो घसारा. तो मोजण्याच्या तीन पद्धती आपल्या कामाच्या आहेत.

पहिली सगळ्यात साधी. घेतलेल्या किमतीतून आज विकली तर मिळणारी किंमत वजा करा आणि वर्षांनी भागा. २०२५ मध्ये आम्ही दोन ठिकाणी भाव विचारला, १,३०,००० पर्यंत मिळत होते. २,१०,००० वजा १,३०,००० म्हणजे ८०,०००. चार वर्षांनी भागले की वर्षाला २०,०००. स्वतःच्या गाडीसाठी हीच पद्धत पुरेशी आहे.

दुसरी प्राप्तिकराची. धंदा-व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारकारवर वर्षाला १५ टक्के घसारा धरतात आणि तोही उरलेल्या किमतीवर. ५ लाखांची गाडी पहिल्या वर्षाअखेर ४,२५,०००, दुसऱ्या वर्षी ३,६१,२५०, असे करत दहा वर्षांनी कागदावर ९८,००० च्या आसपास उरते. भाड्याने चालणाऱ्या गाड्यांना हा दर ३० टक्के आहे, कारण त्या जास्त धावतात.

तिसरी विमा कंपनीची. विम्याच्या कागदावर आयडीव्ही लिहिलेला असतो, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण बाद झाली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. त्यासाठी गाडीच्या कंपनीच्या किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के कापतात. पाच वर्षांनंतर आकडा विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरतो. म्हणून जुन्या गाडीचा विमा भरताना आयडीव्ही वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. हप्ता कमी दिसावा म्हणून तो आकडा फार खाली आणलेला असू शकतो.

विम्यात घसारा आणखी एका ठिकाणी भेटतो. अपघातानंतर नवे सुटे भाग बसवले तर साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांचेही निम्मेच. काचेवर मात्र कपात नसते. म्हणजे "विमा आहे ना" असे म्हणून जुनी गाडी कोणाच्याही हातात देता येत नाही. आणि फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे काहीच मिळत नाही.

उभी गाडीही खाते

खर्चाचे दोन भाग करून पाहिले. विमा-पीयूसी, बॅटरी आणि वयामुळे उतरणारी किंमत मिळून २६,९०० रुपये गाडी दारात उभी असली तरी जातात. घसाऱ्याचा थोडा भाग वापरावरही असतो, पण सोयीसाठी तो इथे पूर्ण धरला आहे. उरलेले १,२६,५२८ रुपये चालण्याचे, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ ८ रुपये ८० पैसे.

यातून दोन गोष्टी निघतात. गाडी वर्षाला फक्त ५,००० किलोमीटर चालली, तर उभ्या खर्चाचा वाटाच किलोमीटरला ५ रुपये ३८ पैसे होतो. अशा वेळी एसटी, लोकल आणि गरजेला भाड्याची गाडी हेच स्वस्त पडते. दुसरी गोष्ट, "गाडी तर तुमच्या घरी आहेच, आमच्यासाठी वेगळा खर्च काय" हे म्हणणे उभ्या खर्चापुरते खरे आहे, चालण्याच्या खर्चापुरते नाही. म्हणून मी आता असे सांगते : संस्थेच्या कामासाठी गाडी गेली तर कमीत कमी ८ रुपये ८० पैसे हा खर्च आहे. उभ्या खर्चातला वाटा मालकाला स्वखुशीने द्यायचा असेल तर त्याने तो द्यावा, पण तो देणगी म्हणून वहीत लिहावा.

आमच्या १४,४०० पैकी ६,००० किलोमीटर समाजाच्या कामाचे होते. त्या सगळ्या फेऱ्यांचे पेट्रोल मिळाले असते, तरीही वर्षाला २५,००० रुपयांच्या आसपास आमच्या घरातून गेले. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी पेट्रोलही मिळाले नाही. समाजशास्त्रात घरातल्या बाईच्या न मोजलेल्या श्रमाबद्दल आपण शिकतो. चळवळीतही असे न मोजलेले योगदान असते. ते मोजले नाही की मग एक दिवस माणूस फोन उचलायचा बंद करतो आणि लोक म्हणतात, तो बदलला.

एक सावधगिरी. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीत प्रवाशांकडून सीटप्रमाणे भाडे घेता येत नाही, त्याला परवाना लागतो. अशा फेरीत अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. संस्थेने आपल्या कार्यकर्त्याला वहीप्रमाणे झालेला खर्च परत करणे वेगळे आणि वडाप चालवणे वेगळे.

विकायची कधी?

नव्या गाडीत घसारा मोठा आणि दुरुस्ती छोटी असते. जुनीत उलटे होते. म्हणून दरवर्षी दोन्हींची बेरीज पाहायची. आमची बेरीज या वर्षी २०,००० अधिक १७,००० म्हणजे ३७,००० झाली. हप्त्याने घेतलेल्या चांगल्या गाडीचा पहिल्या काही वर्षांतला नुसता घसाराच याहून जास्त असतो, व्याज वेगळे. त्यामुळे यंदा गाडी ठेवणे शहाणपणाचे ठरले. पण ही बेरीज ६०,००० च्या वर गेली, किंवा इंजिनाचे एकच काम गाडीच्या निम्म्या किमतीचे निघाले, तर थांबायचे. आधी क्लचवर खर्च केलाय म्हणून इंजिनावरही करायचा, हा हिशेब चुकीचा. गेलेला पैसा गेला. प्रश्न नेहमी पुढच्या वर्षाचा असतो.

पंधरा वर्षांची रेषा लक्षात ठेवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढते. एप्रिल २०२२ पासून कारच्या या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, आधी ती ६०० होती. शिवाय पर्यावरण कर लागतो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते, चारचाकीसाठी ७४५ रुपये आणि वर जीएसटी. रेषा जवळ आली की घेणाराही भाव पाडतो. आमची मुदत जून २०२७ ला संपते, म्हणून निर्णय २०२६ च्या पावसाळ्याआधी घ्यायचा असे ठरवले आहे. आपल्याकडच्या पावसात खालचा पत्रा गंजतो आणि खड्ड्यांत सस्पेन्शन जाते. पावसाळ्यानंतर गाडी दाखवली की भाव आपोआप कमी येतो.

वही कशी ठेवायची?

शंभर पानांची साधी वही पुरते. तारीख, निघतानाचे मीटर, परतल्यावरचे मीटर, कुठे आणि कशासाठी, चालवले कोणी, पैसे कोणी दिले, अशी सहा घरे आखा. मागच्या पानांवर दुरुस्तीची नोंद आणि बिले चिकटवा. गाडी विकताना हीच पाने भाव मिळवून देतात.

ॲव्हरेज काढायला टाकी फुल करून मीटर लिहा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करा आणि मधले किलोमीटर त्या वेळी भरलेल्या लिटरनी भागा. ॲव्हरेज १६ वरून अचानक १३ वर आले तर टायरची हवा, एअर फिल्टर, ब्रेक धरतोय का, हे आधी पाहा. मोठे बिल येण्याआधी वही सांगते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, किलोमीटरला चार रुपये वेगळ्या खात्यात टाका. आमच्या वापराला त्याचे वर्षाला ५७,६०० रुपये होतात. पेट्रोल सोडून आमचा खर्च ५९,८२८ होता, म्हणजे जवळजवळ सगळा निघतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी तरुण सिगालाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून. क्लच रात्रीच जातो, तेव्हा हा चौथा भाग हाताशी हवा.

आमच्या गटात आता बैठकीच्या शेवटी वही फिरते. फेब्रुवारीत पेट्रोलचा प्रश्न विचारणारा तो कार्यकर्ताच आता मीटर लिहितो. मागच्या महिन्यात त्याने स्वतः सुचवले की टोकावड्याच्या बैठकीला चौघांनी एसटीने जावे आणि गाडी रात्रीच्या पेशंटसाठी ठेवावी. तुमच्या गटातही अशी गाडी असेल. येत्या १ तारखेला तिचे मीटर लिहून घ्या.