जुनं जावा काढताना : गप्प कोणी बसायचं?

मागच्या वेळी सॉफ्टवेअर एकदम सगळ्या मशीनवर कसं टाकायचं ते पाहिलं. आज उलटं काम, काढायचं.

ऑफिसातल्या विंडोजवर जुनं जावा हमखास सापडतं. कधी तीन-चार आवृत्त्या शेजारी-शेजारी. त्यांतल्या सुरक्षेच्या फटी आता कोणी बुजवत नाही. प्रत्येक आवृत्तीचा प्रॉडक्ट कोड वेगळा, म्हणून प्रत्येक वेगळी काढायची. कमांड छोटी आहे : एमएसआय-एक्झेक, पुढे एक्स आणि तो कोड, मग क्यूएन, म्हणजे पडद्यावर काही दाखवू नकोस, आणि नो-रीस्टार्ट. हे शेवटचं विसरलात तर मशीन न विचारता बंद होऊन सुरू होऊ शकतं. कुणाचं अर्धं पत्र गेलंच म्हणून समजा!

कोड शोधायला पुष्कळ जण विन-32-प्रॉडक्टची यादी मागवतात. आम्हीही मागवायचो. पण तेव्हा विंडोज प्रत्येक एमएसआय पॅकेज तपासत बसतं, मशीन रेंगाळतं. त्यापेक्षा रजिस्ट्रीतल्या अनइन्स्टॉल नोंदी वाचा.

उत्तर 0 आलं तर झालं. 3010 आलं तरी झालं, रीस्टार्ट तेवढा बाकी.

एकदा आम्ही रात्री जावा काढलं. सकाळी लेखा विभागातल्या ताईंची ई-निविदेवरची डिजिटल सही होईना. ते पान जुन्याच जावावर चालायचं. पडद्यावर काही आलंच नव्हतं, त्यामुळे काय गेलं हे त्यांना कळेना. आणि मुदत दुपारी तीनची. तेव्हापासून आम्ही आधी टेबलाटेबलावर जाऊन विचारतो, मग दोनच मशीनवर काढून बघतो, आणि जुना इन्स्टॉलर जपून ठेवतो.