वेब-उपयोजनांतील स्टेट-व्यवस्थापन व साचेबंद कोडची समस्या : रिडक्सच्या संदर्भात

प्रास्ताविक :
ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वाचकाने निवडलेली पुस्तके, शोधाचे निकाल इत्यादी माहितीच्या तत्कालीन स्थितीस संगणकशास्त्रात 'स्टेट' म्हणतात. ही स्थिती कोठे ठेवावी व ती कोणी, कशी बदलावी याचे नियमन म्हणजे स्टेट-व्यवस्थापन होय. या कामी वारंवार लिहाव्या लागणाऱ्या साचेबंद कोडला 'बॉयलरप्लेट' अशी संज्ञा आहे. तो कमी करताना काय वगळावे व काय राखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप :
डॅन अब्रामोव्ह व अँड्र्यू क्लार्क यांनी २०१५ मध्ये 'रिडक्स' ही जावास्क्रिप्ट लायब्ररी निर्माण केली. तिच्यात सामायिक स्टेट एकाच 'स्टोअर'मध्ये असते. बदल हवा असल्यास 'अॅक्शन' ही नोंद पाठवावी लागते. 'रिड्यूसर' हे फलन जुनी स्टेट व अॅक्शन यांवरून नवी स्टेट देते. जुनीत खाडाखोड करीत नाही. खातेवहीप्रमाणे प्रत्येक बदलाचा माग काढता येतो, हा याचा मोठा लाभ होय.

मात्र यादीत एक पुस्तक घालण्यासाठीही अॅक्शनच्या नावाचा स्थिरांक, अॅक्शन तयार करणारे फलन आणि रिड्यूसरमधील स्वतंत्र कलम असे तिहेरी लेखन, बहुधा तीन फायलींत, करावे लागे. सर्व्हरवरून माहिती आणताना आरंभ, यश व अपयश अशा तीन अॅक्शनांची भर पडे.

उपाययोजना :
२०१९ मध्ये 'रिडक्स टूलकिट'ची पहिली स्थिर आवृत्ती आली. तिच्यातील 'क्रिएट-स्लाइस' या फलनास रिड्यूसर दिले असता अॅक्शनची नावे व ती तयार करणारी फलने आपोआप मिळतात. 'इमर' ही लायब्ररी स्टेटचा कच्चा मसुदा हाती देते. त्यात केलेल्या बदलांवरून नवी स्टेट सिद्ध होते व मूळ स्टेट अबाधित राहते. २०२१ पासून सर्व्हरवरील माहितीसाठी 'आरटीके क्वेरी' उपलब्ध झाली.

आवश्यक दक्षता :
इमरमुळे रिड्यूसरमधील कोड थेट खाडाखोडीसारखा दिसतो. विद्यार्थ्याने हे रूप तेवढे आत्मसात केले, तर रिअॅक्टच्या स्थानिक स्टेटवरही तो तेच वाक्य लिहील. तेथे इमर नसल्याने मूळ वस्तूच बदलते आणि पडद्यावर तो बदल उमटेलच असे नाही. चूक दिसते एका ठिकाणी. तिचे कारण मात्र न शिकवलेल्या तत्त्वात असते. म्हणून अध्यापनात एक रिड्यूसर प्रथम जुन्या पद्धतीने लिहवून घेणे व नंतरच टूलकिटकडे वळणे श्रेयस्कर ठरते.

समारोप :
सारांश, टाळावयाची ती पुनरुक्ती. नोंदीची शिस्त नव्हे. लहान उपयोजनास रिडक्सची गरजच नसेल, तर ते न वापरणे हाच साचेबंद कोड कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय.