राघूचं मुकं दुखणं

घरचा राघू हिरवी मिरची बियांसकट कुरतडून संपवतो आणि पाहुणे चकित होतात. पण ती त्याला झोंबतच नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनने सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंची आग होते, पक्ष्यांचे मज्जातंतू त्याला जवळजवळ दादच देत नाहीत. तेव्हा मिरचीची काळजी नको. काळजी करायची ती शेजारच्या वाटीची.

त्या वाटीत बहुतेक घरांत सूर्यफुलाच्या बिया असतात, वर माणसांच्या ताटातलं उरलंसुरलं. बियांत चरबी भरपूर, 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मात्र अगदी थोडं. वर्षानुवर्षं यावरच वाढलेल्या पोपटाच्या नाकपुड्या चोंदतात, तोंडात पांढरे चट्टे उठतात, यकृतावर चरबी चढते. गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, मेथी, शेवग्याचा पाला आणि पक्ष्यांसाठी मिळणाऱ्या पेलेट हा त्यावरचा साधा उपाय आहे. फक्त बदल हळूहळू करावा, कारण अनोळखी खाऊ समोर आला तर पोपट उपाशी बसून राहतो. चहात बुडवलेलं बिस्किट आणि खारट चिवडा लाडाने दिला तरी अपायच करतो. चॉकलेट आणि अलीकडे बाजारात दिसू लागलेला अॅव्होकाडो तर त्याच्यासाठी विषच आहे. शेंगदाण्यांना बुरशी लागलेली असेल, तर तिचं विष थेट यकृतावर जातं.

एवढं बोलणारा हा पक्षी आपलं दुखणं मात्र सांगत नाही. रानात थव्यातला अशक्त पक्षी शिकारी आधी हेरतो, म्हणून आजार लपवणं हा पोपटाच्या जगण्याचाच भाग झाला. पिंजऱ्यातही ती सवय सुटत नाही. तो पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, श्वासागणिक शेपटी वरखाली हलू लागली, की आजार बराच पुढे गेलेला असतो. 'उद्या बघू' म्हणायची ती वेळ नव्हे, त्याच दिवशी पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर गाठायला हवा.

त्याआधीच्या खुणा रोज सकाळी दिसतात, बघणारा हवा. तळाशी अंथरलेल्या कागदावरच्या विष्ठेत तीन भाग असतात: हिरवट घट्ट भाग, पांढरी लघवी आणि थोडं स्वच्छ पाणी. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा दिसू लागला तर यकृताची शंका घ्यावी. मात्र आदल्या दिवशी पालेभाजी खाल्ली असेल तर घट्ट भागाचा रंग बदलतोच, त्याने घाबरू नये. दुसरी खूण वजनाची. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा यासाठी पुरतो. पिसांच्या आड हाडं निघाली तरी डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं. एकशेवीस ग्रॅमच्या पक्ष्याचं वजन बारा ग्रॅमने उतरलं, तर तो दहावा हिस्सा झाला.

स्वयंपाकघरातच एक मोठा धोकाही आहे. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत राहिला, तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने शेजारच्या खोलीतला पोपटही काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा सतत एकाच दिशेने वाहते, त्यामुळे प्राणवायू जितका चांगला शोषला जातो तितकंच विषही. मच्छर कॉइल, धूप आणि फवारे यांच्यापासूनही पिंजरा दूरच ठेवावा.

शरीरासारखंच त्याच्या मनाचंही. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली शिकागोतल्या दुकानातून घेतलेला अॅलेक्स हा आफ्रिकन करडा पोपट रंग, आकार ओळखायचा, सहापर्यंत मोजायचा आणि शंभराहून अधिक शब्द वापरायचा. २००७ मध्ये तो मेला. एवढी बुद्धी असलेला जीव रिकाम्या पिंजऱ्यात दिवसभर बसवला, तर तो किंचाळतो, चावतो, स्वतःचीच पिसं उपटतो. पिसं उपटण्यामागे कातडीचा किंवा पोटातला आजारही असू शकतो, म्हणून आधी तपासणी आणि मग स्वभावाचा विचार. रानात त्याचे कित्येक तास अन्न शोधण्यात जातात. घरी ज्वारीचं कणीस, हरभऱ्याचे घाटे, कागदात गुंडाळलेला खाऊ दिला तर तेवढंच काम हाताशी, नव्हे चोचीशी येतं. वेगवेगळ्या जाडीच्या झाडाच्या फांद्या बसायला असाव्यात. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यावर पायांना घट्टे पडतात, पुढे जखमा होतात. रात्री दहा-बारा तासांची शांत, अंधारी झोप हवी. टीव्हीच्या खोलीत ती मिळत नाही.

घरात कुणाला ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला झाला, तर घरात पोपट आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार पक्ष्यांकडून माणसाला होतो. वेळीच कळला तर औषधाने बरा होतो.

गळ्यात कंठ असलेला राघू, करण पोपट, तुईया, हे सगळे देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून विकले जाणारे पक्षी बहुतेक ऑस्ट्रेलियन बजरीगर असतात, ते पाळता येतात. आफ्रिकन करडा किंवा मकाव यांसारख्या परदेशी पोपटांची केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

ज्यांच्या घरी आजही देशी राघू आहे, त्यांनी दया येऊन एके सकाळी पिंजऱ्याचं दार उघडून देऊ नये. पंख कापलेला, वाटीतलं खायची सवय झालेला पक्षी मांजरीच्या किंवा घारीच्या तोंडी जातो. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि पक्षी त्यांच्या हाती सोपवावा.